बेस झाला!

रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेतला की पुंजाजी ओरडत, "हा चहा हाय का काढा?"

चुलीपुढून त्यांची बायको चतुराबाई म्हणे, "काढाच हाय. त्याच्यावरच तर जित्ते हाय तुमी!"

तेल्हाऱ्याच्या त्या गल्लीची ती घंटाच होती. ती वाजली की शेजारची जाईबाई चुलीवर तवा ठेवी.

त्या दिवशी पुंजाजींनी घोट घेतला. डोळे मिटले. मग सगळा कप संपवून ते हळूच म्हणाले, "बेस झाला."

चतुराबाईच्या हातातली फुंकणी गळाली. "अवो, बरं नाही का तुमाले?"

"बरं हाय. बेस झाला म्हनलं."

सून शकुननं भांड्यात उरलेला चहा चाखला आणि थुंकला. "आत्याबाई, ह्याच्यात तं मीठ हाय!"

चतुराबाईनं भिंत धरली. "थोरल्या मामंजीची चव अशीच गेली होती वं शकुन. अन् मंग तेच गेले! जा, डाक्टरले आन!"

शकुन धावत सुटली. घंटा वाजली नाही म्हणून जाईबाई बघायला आली. सगळं ऐकताच तिनं कांदा फोडून पुंजाजींच्या नाकाशी धरला. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"पाहा वं, रडून राहिले!" जाईबाई म्हणाली. " निरोप घेऊन राहिले वाटते."

पुंजाजींनी ओठ घट्ट मिटून हसायचा प्रयत्न केला.

"हासूनबी राहिले!" जाईबाई किंचाळली. चतुराबाईनं नवऱ्याचे पाय धरले. "मले टाकून जाऊ नका वो! उद्यापासून चांगला चहा करतो मी!"

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली, जीभ पाहिली. "यांना काहीच झालेलं नाही."

"मंग खारट चहा गुमान काहून पेले?" चतुराबाईनं विचारलं.

आता मात्र पुंजाजी भडकले. "डाक्टरसाहेब, तुमीच सांगतलं न, रक्तदाब वाढला, चिडू नका म्हून!"

"अहो, पण रक्तदाबाला मीठही वाईट! मुळात चहात मीठ पडलंच कसं?"

शकुननं मान खाली घातली. "काल सारवन केलं. कोनाड्यातले डबे मी इकडचे तिकडं ठेवले."

"डबा उघडल्यावर दिसलं नाही, आजी?"

"त्याच्यात पाहाचं काय? लगन झालं तवापासून हात तिथंच जाते."

डॉक्टरांनी हात वर केला. "ही बोटं किती?"

चतुराबाईनं डोळे बारीक केले. "तुमी शिकलेले. तुमीच मोजा न."

कोणीच हसलं नाही. डॉक्टरांनी तिला दारात, उजेडाकडे नेलं. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. इतके दिवस सवयीनं निभावलं."

"मले काहून नाही सांगतलं?" पुंजाजींचा आवाज चिरकला.

"तुमी सांगतलं होतं का रक्तदाबाचं? तुमाले घोर लागला असता."

"तेच तं मलेबी वाटलं."

अकोल्याला आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या डोळ्यावर पट्टी बांधून चतुराबाई घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजींनी शकुनला चुलीपासून उठवलं. चहा स्वतः केला, साखर दोनदा चाखून पाहिली आणि कप बायकोच्या हातात देऊन श्वास रोखून समोर बसले.

तिनं घोट घेतला. जिभेवर घोळवून गिळला.

"हा चहा हाय का काढा?"

भिंतीपलीकडे जाईबाईनं तवा चुलीवर ठेवला. "चला, चतुराबाई बरी झाली."