गुडघ्यांचा उपवासकाळ

एम.एस्सी. करणाऱ्या लिडियाने निकालाचा कागद उलटा धरून पाहिला, तेव्हाच तो बरोबर दिसला.

प्रयोग साधा होता. संधिवातात रक्तातल्या पांढऱ्या पेशी चवताळून एन्झाइम सोडतात आणि ते सांध्यातली मऊ गादी, म्हणजे कूर्चा, कुरतडतं. गावातल्या डॉक्टरांनी दिलेली गोळी या पेशींना आवर घालते का, एवढंच पाहायचं होतं. निर्मळ गावातली वीस माणसं, चाळीस दुखरे गुडघे. दहा जणांना राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, रोज एक गोळी. उरलेल्या दहा जणांचं औषध अजून सुरू व्हायचं होतं. महिन्याने रक्त तपासलं, तर गोळीवाल्यांच्या पेशी भसाभस एन्झाइम ओतत होत्या आणि बिनगोळीवाल्यांच्या हाताची घडी घालून बसलेल्या.

"शुक्रवारपर्यंत कारण आण," मार्गदर्शक भूपेश सर म्हणाले. "नाहीतर वर्ष गेलं समज."

लिडिया हटणारी नव्हती. तिने तपासणी पुन्हा तीनदा केली. निकाल तोच. मग तिने स्कूटर काढली आणि थेट क्लेमेंटीन मावशींची केळीची वाडी गाठली. गोळीवाल्यांच्या यादीत मावशींचं नाव पहिलं होतं.

"मावशी, खरं सांगा. गोळी रोज घेता ना?"

"रोज घेते. सकाळी पाकिटातून काढून."

"आणि?"

"आणि पॉलिनला देते."

शेजारची पॉलिन बिनगोळीवाल्यांतली. लिडिया बांधावरच बसली.

"अहो, पण का?"

"का म्हंजे? उपवासकाळ चालू आहे ना, बाय! आवडती वस्तू सोडायची, गरजवंताला द्यायची. आता मटण डॉक्टरने बंद केलं, गोड डायबिटीसने. सोडायला उरलं काय? गोळी!"

"आणि बाकीचे नऊ जण?"

"मी सांगितल्यावर कोण मागे राहील? एकेकाला एकेक गरजवंत नेमून दिला. आल्बर्ट जरा कुरकुरला. म्हटलं, गुडघे काय स्वर्गात घेऊन जाणारेस?"

"निदान डॉक्टरांना तरी विचारायचं!"

"त्यांना कशाला? पाप थोडंच करतोय?"

लिडियाने दोन दिवसांत वीसही घरं पालथी घातली. एकही गोळी वाट चुकली नव्हती. ताप आला तरी देणारा दारात हजर, आणि घेणाऱ्याने त्याच्यासमोरच गिळायची, अशी मावशींची सक्त ताकीद होती.

शुक्रवारी सरांनी सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांना फोन केला आणि मग फक्त दोन गटांच्या नावांची अदलाबदल केली.

"महिनाभरात एकही डोस चुकला नाही? असे शिस्तीचे रुग्ण मी जन्मात पाहिले नाहीत. ईस्टरला उपवासकाळ संपला की पुढचा प्रयोग यांच्यावरच करू."

"तेव्हा नको, सर," लिडिया घाईघाईने म्हणाली. "तेव्हा ज्याची गोळी तोच खाणार. मग कोण लक्षात ठेवतंय?"