डांगरे सरांना न आलेलं उत्तर

शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभा राहिलेला मास्तर तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय, आठवड्यातून दोनतीनदा तरी. आणि ती शिक्षा त्याने स्वतःच स्वतःला केलेली असायची.

डांगरे सर आमच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे, मी गणित. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती, आणि पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये, आमची क्वार्टरं शेजारीशेजारी. सरांचा नियम असा, की पोराने प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, तर घंटा होईपर्यंत ते व्हरांड्यात उभे. वर्ग मॉनिटरच्या हवाली. मी एकदा म्हटलं, "सर, शोभतं का हे?"

"पोट्ट्यांले नाही आलं तर आपण उभं करतो ना, भाऊ? मंग मास्तरले सूट कावून?"

पोरं काय कमी बिलंदर! घरून प्रश्न शोधून आणायची. लोकसभेचा धडा चालू असताना कुणीतरी विचारायचं, पालीचं तुटलेलं शेपूट का वळवळतं? सर बाहेर. संध्याकाळी सायकल हाणत सिविक सेंटरला जाऊन पुस्तकाच्या दुकानात उभ्याउभ्या पुस्तकं चाळायचे. विकत एकही घ्यायचे नाहीत. त्यांची सायकल दिसली की दुकानदार कपाळाला हात लावायचा. पण दुसऱ्या दिवशी उत्तर हजर, विचारणाऱ्याच्या नावासकट. घरी एकटेच होते. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली, मूलबाळ नाही. त्यामुळे शेपटाचं उत्तर रात्रीच्या जेवणाआधी मला ऐकावं लागायचं.

आता अवघड भाग. आमच्याकडे क्वार्टर कारखान्यातल्या ग्रेडप्रमाणे मिळायचं, आणि वर्गातला बाकही. लेखी नियम नव्हता. वर्गशिक्षक दाखल्याच्या रजिस्टरात बापाचा हुद्दा बघून यादी करायचा. साहेबांची मुलं पुढे, मग बाबूंची, खलाशांची, म्हणजे प्लांटात अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांची, शेवटी. आठवी 'ब'ची यादी माझ्या हातची होती. अक्षर सुरेख म्हणून प्राचार्यांनी शाबासकीही दिली होती. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, याची आज लाज वाटते.

एक दिवस सर त्या वर्गात समानतेचा धडा शिकवत होते. शेवटच्या बाकावरची सुकवारो उठली. बाप प्लांटात खलाशी. बुजरी पोर, त्या वर्षात तिने वर्गात तोंड उघडलं ते पहिल्यांदाच.

"सर, आगे बैठने के लिए बाप का कौन-सा ग्रेड लगता है?"

सर बाहेर येऊन उभे राहिले. नेमके प्राचार्य फेरीवर निघालेले. "आज क्या नहीं आया, डांगरेजी?" त्यांनी हसत विचारलं. सरांनी प्रश्न जसाच्या तसा सांगून टाकला, वर विचारणारीचं नावही, कौतुकाने. खोटं बोलायची सवयच नव्हती त्यांना.

दुसऱ्या दिवशी सुकवारोच्या बापाला बोलावणं गेलं. पोरीला हे कुणी शिकवलं ते सांगा, नाहीतर टीसी घेऊन जा, असं प्राचार्यांनी सुनावलं. बाप पाळीवरून तसाच आला होता, हेल्मेट पोटाशी धरून. "गलती होगे साहेब, नोनी ला माफ कर देव," पोरीला माफ करा, एवढंच म्हणत होता. सुकवारो त्याच्या मागे उभी. वर्गशिक्षक म्हणून मीही तिथेच होतो. मी हातातलं हजेरीपुस्तक चाळत राहिलो.

तेवढ्यात डांगरे सर आत आले. "सवाल मेरा था," म्हणाले. "मैंने ही इसको रटवाया."

प्राचार्यांनी सरांपुढे माफीचा कागद ठेवला. यापुढे पुस्तकाबाहेरचं बोलणार नाही, वर्ग सोडून उभा राहणार नाही. सरांनी सही केली आणि टीसी टळली. बाप पाया पडायला वाकला तसे सर मागे सरकले.

व्हरांड्यात सुकवारो थांबली होती. मला वाटलं, आभार मानेल.

"सर," ती हळूच म्हणाली, "सवाल तो मोर रिहिस."

प्रश्न तर माझा होता. एवढं बोलून ती वर्गात गेली.

संध्याकाळी सरांकडे गेलो. खाटेवर बसून होते, चपला पायातच. "तुम्ही पोरीले वाचवलं, सर," मी म्हणालो.

"कायचं वाचवलं, भाऊ? वर्षभरात एकडाव तोंड उघडलं तिनं. तेही मी माह्या नावावर लिहून देल्लं." आणि ते रडायला लागले, आवाज न करता.

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, बाकाची यादी मी केली होती."

"मले मालूम आहे," ते म्हणाले. जरा सरकून त्यांनी मला खाटेवर जागा करून दिली.

सुकवारो पास होऊन नववीत गेली. तिने पुन्हा कुणालाच काही विचारलं नाही. नववीलाही नागरिकशास्त्र सरांकडेच होतं. धडा ते आता मुद्दाम लवकर संपवायचे, पुस्तक मिटायचे आणि शेवटच्या बाकाकडे बघत घंटा होईपर्यंत थांबायचे.