टाकी भरल्याचा दिवा

माणसाची प्रगती त्याने काय बांधलं यावरून मोजू नये. आपण केलेली घाण पुन्हा आपल्याला दिसू नये, याचा बंदोबस्त त्याने किती चोख केला यावरून मोजावी. या कसोटीवर साहेबांची घरगाडी फारच प्रगत होती.

साहेब एका मोठ्या खात्याच्या प्रमुखपदावरून नुकतेच निवृत्त झाले होते. खातं सुटलं, साहेबपण राहिलं (ते पेन्शनबरोबर मिळतं). हौसेने त्यांनी ही गाडी घेतली. आत पलंग, ओटा, संडास, आणि संडासाखाली टाकी. टाकी भरत आली की ओट्यावर लाल दिवा लागायचा. मग गाड्यांच्या तळावर जायचं, जाड पाईप जोडायचा, खटका ओढायचा आणि सगळं गटारात सोडायचं. पाव तासाचं काम. माहितीपुस्तकात त्याचं चित्र होतं आणि चित्रातला माणूस चक्क हसत होता.

साहेबांच्या बायकोला लग्नापासून समुद्र बघायचा होता. समुद्राकडे निघायचं ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली.

"जन्मभर संडास मीच धुतला. या गाडीतल्याला मी हात लावणार नाही. लावावा लागला, तर हात धुऊन तिथूनच घरची बस धरीन."

साहेबांनी शब्द दिला. अगदी मनापासून दिला. तो पाळायचा कोणी, एवढंच ठरायचं बाकी होतं.

सोबत मुलगी आणि जावई होते. मुलीला वासाने मळमळायचं (लहानपणापासून, काम निघालं की). जावईबापूंची कंबर धरलेली होती, आणि तशी नसती तरी जावयाला असलं काम सांगायचं कोणत्या तोंडाने? स्वतः साहेबांकडे धोरण होतं. धोरण पाहणाऱ्याने पाईप धरला तर धोरण कोण पाहणार? तेव्हा साहेबांनी प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. टाकी रिकामी करावी लागते, कारण ती भरते. म्हणून ती भरूच नये, अर्थात संडास कोणीही वापरू नये, असा नियम झाला.

नियमाची अंमलबजावणी कडक होती. या पंपावरून त्या पंपावर असा प्रवास सुरू झाला. वाटेत मंडळींनी एक डोंगर, अर्धा तलाव आणि झाडून सगळे पेट्रोलपंप पाहिले. बायको बिचारी पाणीसुद्धा बेताने पीत होती.

तरीही एका दुपारी लाल दिवा लागला.

साहेबांनी रीतसर चौकशी केली. मुलीने नकार दिला. जावईबापूंनी कंबरेला हात लावून नकार दिला. बायकोला विचारायची गरजच नव्हती, ती खरंच गेली नव्हती. साहेबांनी स्वतःला विचारलं नाही, कारण चौकशी करणाऱ्याची चौकशी करायची पद्धत नाही. निष्कर्ष सरळ होता. कोणी वापरला नाही, म्हणजे टाकी रिकामी. टाकी रिकामी, म्हणजे दिवा खोटारडा. जावईबापू कंबरेसकट टुणकन उठले, स्क्रूड्रायव्हर आणला आणि बल्ब काढून खिडकीतून फेकला. मुलीने टाळ्या वाजवल्या.

"अहो, बल्ब काढून टाकी रिकामी होते होय?" बायकोने विचारलं.

साहेबांनी समजूत घातली की तक्रार मघाशी होती, आता कुठे आहे? शिवाय टाकी भरतच नसल्याचं सिद्ध झाल्यामुळे नियमही उठवण्यात आला. त्यानंतर संडासाचा वापर सुमारे तिप्पट झाला (अंदाज रांगेवरून).

समुद्र एका वळणावर राहिला असताना, सकाळी तळावर, मुलीने पाणी ओढलं आणि ते खाली जायच्या ऐवजी वर आलं. आणि नुसतं पाणी आलं नाही.

कोणी कोणाला काही सांगितलं नाही. तिघांनी फक्त साहेबांच्या बायकोकडे पाहिलं. वीज गेल्यावर मेणबत्ती कुठे आहे हे जिला ठाऊक असतं तिच्याकडे बघतात, तसं. तिने हातमोजे घातले, पाईप जोडला, खटका ओढला, टाकी खळखळून धुतली, संडास पुसला. पाव तासच लागला. साहेब नाकाला रुमाल लावून लांबून "सावकाश, सावकाश" असं मार्गदर्शन करत होते. काम झाल्यावर त्यांनी सांघिक प्रयत्नांबद्दल सर्वांचे आभार मानले.

तिने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि पिशवी उचलली.

"हात धुतलेत मी," ती म्हणाली. "येते."

बस समुद्राच्या काठाकाठाने जाणारी होती. तिला खिडकी मिळाली.

गाडीत आता जागा ऐसपैस झाली. आईचं हल्ली काही कळतच नाही, असं मुलगी म्हणाली. साहेबांना मात्र मनापासून नवल वाटत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात कुरबुर म्हणून नाही, कधी एक दिवा लागला नाही, आणि हे असं अचानक!

तुम्ही हसलात, बरं वाटलं. तुमच्या घरी तसलं काही नाही, हेही मान्य. दिवा कधी लागलेला आठवतच नाही ना? मग एकदा उठून, त्या जागी बल्ब आहे का, तेवढं बघून या.