एक पाना कमी

डॉक्टर यशोधन यांनी कार्डिफला जुनी गाडी घेतली, इथवर कुणाचीच तक्रार नव्हती. तिची सर्व्हिसिंग आपण घरीच करायची असं त्यांनी ठरवलं, तिथून सगळं बिघडत गेलं.

कारण सासरे येणार होते. पुण्याचे विष्णुपंत शाळा तपासनीस म्हणून रिटायर झाले होते, पण तपासायची सवय काही सुटली नव्हती. पहिल्या दिवाळसणाला यशोधननी हौसेने सासुरवाडीच्या भिंतीवर एक फळी ठोकली होती. ती लोणच्याच्या बरण्यांसकट खाली आली. तेव्हापासून विष्णुपंत त्यांना आदराने 'डॉक्टर' म्हणत आणि त्यांच्या हातात हातोडी देत नसत. माणसांच्या मोडलेल्या मांड्या जोडणाऱ्या सर्जनच्या मनाला हे लागलं होतं. म्हणून फोनवर ते बोलून गेले, "गाडीचं सगळं मीच करतो. तुम्हाला न्यायला हीथ्रोला त्याच गाडीने येतो." (तोवर गाडीचं बॉनेट त्यांनी फक्त पुसलं होतं.)

मग हत्यारं आली. दुकानदाराने विचारलं, "गाडी जुनी आहे म्हणता. पाने इंची हवेत की मिलिमीटरचे?"

"दोन्ही द्या. पेशंट उघडल्यावर हत्यार नाही म्हणून कसं चालेल?"

त्यांनी प्रत्येक पाना तळहातावर तोलून पाहिला, उजेडात धरला, अंगठ्याने धार पाहिली. पान्याला धार नसते, हे दुकानदार बोलला नाही. रबरी हातोडा तर त्यांना पाहताक्षणी आवडला. त्याचं गाडीत काम काय, हे विचारायचं राहून गेलं.

विष्णुपंत यायचे त्या दिवशी नवरात्रातली नवमी होती. सकाळीच यशोधननी घरासमोर हिरवं कापड अंथरून सगळी हत्यारं ओळीने मांडली, ऑपरेशन थिएटरमधल्यासारखी मोठ्याने मोजली आणि कोपरापर्यंत हात धुवायला आत गेले. परत येऊन कामाला लागले. ऑपरेशन चालू असताना कुणी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम घरालाही लागू होता. त्यांची बायको मंजिरी दोनदा बाहेर आली.

"अहो, त्यातला मी एक..."

यशोधननी वर न बघता बोट वर केलं. ती आत गेली.

आणि नवल म्हणजे काम झालं! ऑइल बदललं, प्लग बदलले, किल्ली फिरवताच गाडी चालू झाली. सासऱ्यांचा चेहरा कसा होईल या कल्पनेने यशोधनना गुदगुल्या झाल्या. आता फक्त हत्यारं मोजायची आणि बॉनेट लावायचं.

एक पाना कमी.

पुन्हा मोजले. तरी एक कमी. दुसरा कुणी असता तर 'पडला असेल कुठे' म्हणत बॉनेट आपटून निघाला असता. पण हत्यारं जुळल्याशिवाय पेशंट बंद करायचा नाही, हे यशोधनांच्या हाडात भिनलं होतं. हरवलेला पाना मिलिमीटरचा होता. गाडी सगळी इंची. म्हणजे तो त्यांनी हातात घेतलाच नसणार. हे त्यांच्याही लक्षात आलं, पण नियम तो नियम.

त्यांनी एअर फिल्टर काढला. बॅटरी काढली. पोटात राहिलेला चिमटा कुठल्या कुठे सरकतो, हा त्यांचा अनुभव होता (दुसऱ्या एका सर्जनचा, असं ते सांगत). म्हणून कार्बोरेटरही काढला.

"अहो, निघायची वेळ झाली!" मंजिरी खिडकीतून ओरडली.

बोट वर. तोवर रेडिएटर लॉनवर आला होता.

शेवटी मंजिरीनेच लंडनला हॅरोमध्ये राहणाऱ्या मित्राला, उदयला फोन केला. त्याने विष्णुपंतांना हीथ्रोवर गाठून कार्डिफच्या बसमध्ये बसवून दिलं.

संध्याकाळी विष्णुपंत टॅक्सीतून उतरले. गाडीकडे आणि लॉनवरच्या तिच्या भागांकडे त्यांनी सावकाश पाहिलं. त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं, असं यशोधनना मनापासून वाटलं.

हातपाय धुऊन विष्णुपंत किचनमधल्या देवघरासमोर उभे राहिले. मागे यशोधन. समईच्या उजेडात, झेंडूच्या फुलांमध्ये, हळदकुंकू लावलेला मिलिमीटरचा पाना चकाकत होता.

"हा इथे?" यशोधनांचा आवाज चिरकला.

"आज खंडेनवमी ना? हत्यारांची पूजा," मंजिरी म्हणाली. "तुम्ही हात धुवायला आलात तेव्हा आणला. सांगायला दोनदा आले, तुम्ही बोट दाखवलंत."

"पण एकच?"

"तुमचं काम अडायला नको म्हणून."

विष्णुपंतांनी पान्याला मनोभावे नमस्कार केला. मग म्हणाले, "डॉक्टर, बाहेरचे बाकीचे पानेही इथेच आणून ठेवा."

"पूजेला?"

"गाडीच्या काळजीपोटी."

दुसऱ्या दिवशी दसरा. वाहनाला हार घालायलाच हवा. यशोधननी तोही घातला. फक्त त्यासाठी गाडी उचलून न्यायला आलेल्या गॅरेजच्या टो-ट्रकवर शिडी लावून चढावं लागलं. खाली विष्णुपंतांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"सावकाश, डॉक्टर," ते म्हणाले. "शिडी तुम्ही ठोकलेली नाही ना?"