कंग्राळीच्या शेतातला पाच पायांचा प्राणी

“वैनी, शिगी पुनवंला रानात काळं कापड नेऊ नगासा. शेतकरी लोक लई वंगाळ मानत्यात!” आमच्या शेजारच्या निपाणीकडच्या चंपाबाईंनी मला बजावलं होतं. मी हसले! मी बी. ए. झालेली, आणि आमचे हे भूगोलाचे मास्तर. काळ्या कापडानं पीक जळत असतं, तर नुसत्या छत्र्यांनीच बेळगाव केव्हाचं ओसाड पडलं असतं!

त्यात यांनी फोटोंच्या क्लबात स्पर्धेआधी छाती ठोकून सांगितलेलं, “खंड्या आणि चतुर, पक्षी आणि कीटक, दोन्ही एकाच फोटोत आणतो! नाही आणले तर कॅमेरा मोडीत घालीन!” लढाईमुळं फोटो उमटवायच्या काचा बाजारात मिळेनात. यांच्याजवळ एकुलती एक उरलेली, म्हणजे फोटोही एकच निघणार. म्हणजे यांची अब्रू आणि ती काच, दोन्ही सारख्याच नाजूक!

रविवारी, नेमक्या शिगी पुनवेच्याच सकाळी आम्ही कंग्राळीच्या भातशेतात पोचलो. बाळासाठी मी उकळलेलं पाणी, मच्छरदाणी, कानटोपी, दुसरी कानटोपी आणि हिंगाची डबी, एवढंच घेतलं होतं. यांनी बांधावर कॅमेऱ्याची तिपाई रोवली आणि काळ्या कापडात डोकं खुपसून जे ओणवे झाले, ते जणू तिथंच उगवले!

“अहो, मुंग्या!” मी जांभळीखालून कुजबुजले.

“शूऽऽ!”

“अहो, मुंगळे! बाळाकडंच निघालेत!”

“शूऽऽ! खंड्या आलाय!”

खरंच, समोरच्या खुंटावर खंड्या बसला होता. चतुर तेवढा यायचा होता. यांच्या हातात कॅमेऱ्याचा रबरी फुगा. तो दाबला की फोटो!

तेवढ्यात शेताचे मालक मारुतीराव, त्यांची बायको रुक्माबाई आणि धाकटा भाऊ भावकू बुट्टीतून नैवेद्य घेऊन आले. शिगी पुनवेला उभ्या पिकाची पूजा करायची आणि नैवेद्य शेतभर उधळायचा, ही इथली रीत.

भावकू थबकला. “आण्णा, बांधावर त्ये काय रं?”

“काळं हाय कायतरी. पाय बघ की!”

“पाच!” रुक्माबाई किंचाळल्या. “पाच पायाचं हाय! करणी केली गं बाई कुणीतरी!”

“शूऽऽ!” कापडातून उत्तर आलं.

“फुत्कारतंय बी!”

मी ओरडून सांगायला हवं होतं. पण बाळाचा नुकताच डोळा लागलेला, आणि झोपलेल्या बाळाजवळ मी आग लागली तरी खुणेनंच सांगते! मी जोरजोरात हात हलवले.

“त्या झाडाखाली बघा! बाईच्या अंगात आलंया!” भावकू ओरडला.

“दे त्याला काय द्यायचं त्ये!” मारुतीरावांनी हुकूम सोडला. आणि पुरणाचे कडबू, वांग्याची भाजी, दहीभात, सगळा नैवेद्य त्या काळ्या कापडावर बरसू लागला! खंड्या उडाला. कावळे आले. आपण हललो नाही तर खंड्या परत येईल, अशी यांना अजूनही आशा! अखेर एक गरम कडबू मानेतून सदऱ्यात उतरला, तेव्हा हे बाहेर पडले. सरळ कॅमेऱ्यापुढं, दोन्ही हात पसरून! दहीभाताची शेवटची मूठ नेमकी डोक्यावर बसली.

“आगा बाबा, मास्तर की हो ह्ये!” मारुतीरावांनी कपाळाला हात लावला.

गलक्यानं बाळ उठलं. त्याला घेऊन मी धावले, कॅमेऱ्याजवळ खाली ठेवलं आणि यांची मान पुसायला फडकं शोधू लागले. बाळानं पडलेला रबरी फुगा तोंडात घातला. चावला. खट्ट!

“काच गेली!” हे मटकन खाली बसले.

“अहो, फुगा धुतलेला होता ना?” मी विचारलं.

फोटो मात्र सुरेख आला. हात पसरलेले हे, डोक्यावर दहीभात आणि दहीभातावर कावळा! खंड्या नाही, निदान कावळा तरी आहे, म्हणून कॅमेरा मोडीतून वाचवायला मुकाट्यानं तोच स्पर्धेला दिला. परीक्षकांनी चष्मे पुसपुसून पाहिला आणि पहिलं बक्षीस जाहीर केलं. ‘आपल्या भागातील बुजगावण्याचा उत्तम नमुना’ म्हणून!

बक्षिसात क्लबानं लढाईआधीपासून जपलेली काचांची पेटी मिळाली, तीच नडली. झालेली बेअब्रू धुऊन काढायला हे आज पहाटेच पुन्हा कंग्राळीला गेलेत. दुपार टळली, अजून पत्ता नाही. बाळाला पडसं झालंय, मला घर सोडता येत नाही. तुमच्यापैकी कुणी तिकडं जाणार असाल, तर जरा बघून या हो! शेतात सारख्याच दोन आकृत्या दिसतील. वाऱ्यानं हलेल ते बुजगावणं. अजिबात हलणार नाहीत, ते आमचे हे!