डाव्या चाकावरचं वजन

गाडी कशी चालवायची हे मला कुणी सांगू नये. राजापेठेत ट्यूशन सुटायच्या वेळी, त्या गर्दीतून, कुणालाही न घासता गाडी काढणारा माणूस आहे मी! त्यात फिजिक्स शिकवतो. म्हणजे गाडी मला नुसती चालवता येत नाही, समजतेही. आणि नव्या गाडीत तर ट्रॅक्शन कंट्रोल होतं. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की गाडी आपणहून त्या चाकाला ब्रेक लावते, इंजिनाचा जोर आवरते. आपण फक्त स्टिअरिंग धरून ऐटीत बसायचं.

तर ही गाडी घेऊन मी आणि माझी धाकटी बहीण रागिणी दर्यापूरच्या पुढच्या एका गावी निघालो. तिच्या लग्नाचं पाहत होतो. आई-बाबा आधीच जाऊन आले होते. त्यांना माणसं, घर, म्हशी, सगळं पसंत होतं. मुलगा नितेश रागिणीलाही आवडला होता. पण तिची अकोल्याला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी. ती लग्नानंतर चालू राहील ना, हे तिला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. तो नाही म्हणाला तर ही नाही म्हणणार, हे तिचं पक्कं होतं.

"दादा, मले त्याच्याशी एकटीनं बोलायचं हाय," तिनं रस्त्यात बजावलं. "तू मधात शिकवत बसू नको."

मी कशाला शिकवतोय! पण पोहे आले आणि नितेशनं साधं विचारलं, गाडी कशी वाटते. आता विचारल्यावर सांगायचं नाही का? पोहे संपले, चहा झाला, तेव्हा मी गिअरबॉक्सपर्यंत आलो होतो. रागिणी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत होती. मला ते कौतुक वाटलं.

शेवटी नितेशचे वडील सूर्यभानजी उठले आणि म्हणाले, चला, शेत दाखवतो. परवाच पाऊस झालाय, पांदणीत चिखल आहे, ट्रॅक्टर काढतो. मी हसलोच. नवी गाडी दारात असताना ट्रॅक्टर? नितेश, त्याचे आई-वडील आणि रागिणी, सगळ्यांना आग्रहानं गाडीत कोंबलं आणि शेताच्या त्या कच्च्या वाटेला लागलो.

वऱ्हाडातल्या काळ्या मातीला ट्रॅक्शन कंट्रोल ठाऊक नसतं. थोडं अंतर गेलो आणि पुढचं डावं चाक फसकन रुतलं. समोर दिवा लुकलुकायला लागला. मी आनंदानं सगळ्यांना दाखवलं, पाहा, सिस्टीम काम करतेय! सिस्टीमनं इतकं मन लावून काम केलं, की इंजिनाचा जोरच काढून घेतला. गाडी ढिम्म.

बाकी सगळे उतरले. नितेशनं बांधावरची पऱ्हाटी, कापसाची वाळकी झाडं, आणली आणि रागिणीनं ती चाकाखाली घातली. मी बटण दाबून ट्रॅक्शन कंट्रोल बंद केलं, तर डावं चाक गरागरा फिरायला लागलं आणि उजवं नुसतं बसून. सूर्यभानजींनी विचारलं, एकच काहून फिरते? झालं! मी खाली उतरलो.

म्हटलं, दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, म्हणून ते दोघांना वेगवेगळं फिरू देतं. पण जोर मात्र दोघांना सारखाच. समजा, एका सासूला दोन सुना आहेत. एकीनं अर्धीच भाकर घेतली, तर सासू दुसरीलाही अर्धीच वाढते, मग ती भुकेनं मेली तरी चालेल. चिखलातलं चाक जोर घेतच नाही, म्हणून कोरड्यातल्यालाही मिळत नाही.

नितेशच्या आईकडे, कौशल्याबाईंकडे, मी पाहिलं. त्यांना एक सून आधीच होती. रागिणीनं कपाळावर हात मारला, चिखलाच्या हातानं.

विषय बदलावा म्हणून मी घाईघाईनं उपाय सांगितला. डाव्या चाकावर वजन पाहिजे. आपल्यात सगळ्यात जड कोण? सूर्यभानजी आभाळाकडे पाहायला लागले. नितेशनं बुटाचा चिखल काढायला घेतला. कौशल्याबाई पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसल्या आणि दार आपटलं.

मी स्टिअरिंगवर बसलो, बाकीच्यांनी मागून रेटा दिला. चाकानं पऱ्हाटी धरली आणि गाडी उसळून निघाली! मागे कुणाकुणाची आंघोळ झाली ते आरशात दिसलं, पण थांबलो असतो तर पुन्हा रुतलो असतो. तसाच पुढे, थेट पलीकडच्या डांबरी रस्त्यापर्यंत. आता गावाला वळसा घालून परत यायचं होतं, आणि गाडीत मी आणि कौशल्याबाई. बहिणीचं लग्न मोडलं, असं धरून मी माफी मागायला तोंड उघडलं.

"मास्तर, आता मी बोलतो," त्या म्हणाल्या. "मोठ्या सुनेले शिलाईचं दुकान म्याच टाकून देल्लं. तुमच्या बहिणीची नोकरी मी काहून सोडवीन? पण हे तिले नितेशले विचारायचं हाय, तुमच्या आईनंच सांगतलं मले. पोट्टी सकाळपासून तोंड उघडून राहिली, तुमी तिले बोलू देता कुठं?"

मला खरंच लाज वाटली. पुढचा सगळा रस्ता मी एक शब्द बोललो नाही. माझ्या बायकोला हे सांगितलं तर ती विश्वास ठेवणार नाही.

पांदणीच्या तोंडाशी गाडी लावली आणि आम्ही दोघं चपला हातात घेऊन चालत आत गेलो. सूर्यभानजी दूर सोयाबीनमध्ये शिरले होते. रागिणी आणि नितेश बांधावर बसले होते, केसांपासून पायापर्यंत चिखल, आणि दोघं खदखदून हसत होते. आम्ही अगदी जवळ गेलो तरी त्यांना पत्ता नाही. मी खाकरलो.

"आलास पण?" रागिणीचा चेहरा पडला. मग लगेच खुलला. "दादा, नोकरीचं पक्कं झालं. हे म्हणतात, अकोल्याले अप-डाऊन जमते. आता आमचं बाकीचं बोलणं आत्ताच सुरू झालं हाय. तू अजून एक चक्कर मारून ये ना."

मी काही समजावून सांगायच्या आत कौशल्याबाई गाडीकडे निघाल्यासुद्धा.