मल्लय्यामामांचा केवडा

मल्लय्यामामांच्या अंगणातल्या केवड्याला कुणी 'पाम' म्हटलं, की मामा त्याचं मनगट धरतात आणि झाडापाशी नेऊन उभं करतात. कुरियरवाला असो की मीटर बघायला आलेला माणूस, सुटका नाही. "पामला अशा फांद्या फुटतात का ओ? मोजा की!" मग तो बिचारा फांद्या मोजतो. सात आहेत. मीही मोजल्यात, मनगट धरलेलं असताना.

आमची घरं शुक्रवार पेठेत शेजारी शेजारी, मधे एक भिंत. मी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही. मामा चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की नीट करणारे. आता माग हाताशी नाही, तर माणसांना नीट करतात. मामी जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी हैदराबादला. घरात एक माणूस आणि एक झाड. दोघांत झाड कमी बोलतं, एवढाच त्याचा गुण.

बाकी झाड मामांवरच गेलंय. पानं चार-चार फूट लांब, जिन्यासारखी गोल फिरत वर चढतात. दोन्ही कडांना काटे, शिवाय मधल्या शिरेला खालून काट्यांची तिसरी रांग. म्हणजे कुठूनही धरलं तरी ओरखडा. खोडातून मनगटाएवढी मुळं सुटतात आणि तिरकी खाली येऊन जमिनीत रुततात. मामा त्यांना 'पाय' म्हणतात. त्यातला एक पाय आमच्या भिंतीखाली शिरलाय. तडा तीन फूट दोन इंच. दाखवला, तर म्हणाले, "भिंतच कच्ची हाय ओ."

भिंत त्यांनीच बांधलेली आहे.

या झाडाचं काही वाया जात नाही, हे मामांचं दुसरं पालुपद. मुळी ठेचून त्यांनी चुना लावायचा कुंचला केला. त्यानं आमची भिंत रंगवून दिली. भिंतीवर चुना कमी, मुळीचे केसच जास्त. मग पानं उकळून, काटे काढून, चिरून एक चटई विणली आणि मला भेट दिली. एका बाजूनं दोन फूट तीन इंच, दुसऱ्या बाजूनं दोन फूट सात. सगळा जन्म चादरी विणणाऱ्या कारखान्यात काढलेल्या माणसाची ही चटई. एक काटा राहिला होता. तो कुठे राहिला होता, हे माझ्या पायजम्याला विचारा.

पण गल्लीला चटई नको, कुंचला नको. गल्लीला हवा वासाचा केवडा, गौरीपुढे ठेवायला. श्रावण लागला की बायका फाटक उघडतात. कोपऱ्यावरच्या भागीरथीबाई सगळ्यांत आधी.

"काय मामा, आला का केवडा?"

"यंदा न्हाई. फुडच्या गौरीला नक्की! फुलला की घरटी एकेक पात देतो. माझा शब्द हाय."

"शब्द लई झाले ओ मामा. रिटायर झालाय का तुमचा केवडा?"

सगळ्या हसतात, मामाही हसतात. मग पायरीवर बसवून चहा, आणि चहाबरोबर अर्धा तास केवड्याचं व्याख्यान. झाड लावून अकरा वर्षं झाली. शब्द दरवर्षी नवा.

यंदा माझा मेहुणा आला होता. तो कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. त्यानं सहज सांगितलं की केवड्यात नर झाड वेगळं, मादी वेगळं. वासाचं कणीस फक्त नराला. मादीला अननसासारखं फळ येतं, त्याला तो वास नाही. ऐकून मला फार आनंद झाला, लपवत नाही. मामांना एकदा तरी नीट करायची संधी मिळणार होती.

रविवारी सकाळी आमच्या बाजूला आलेली पानं छाटायला मी शिडी लावून भिंतीवरून डोकावलो. पलीकडे मामा पानांत शिरलेले, एका हातात विळा, दुसऱ्या हातात नारळाएवढं हिरवं फळ. मला बघताच त्यांनी ते पाठीमागे धरलं.

"मामा, हे झाड मादी आहे."

"हळू बोला की ओ."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चार वर्षं झाली. पैलं फळ आलं तवाच कळलं."

"मग गल्लीला सांगायचं सोडून दरवर्षी शब्द कसले देता? लोक हसतात तुम्हाला."

"हसू द्या की." मामांनी विळ्याला लागलेला चीक धोतराला पुसला. "सांगितलं, तर विचारायला कोण यील ओ?"

माझ्याकडे याचाही आकडा होता. श्रावण-भाद्रपदात त्यांच्या पायरीवर रोज दोन-तीन माणसं बसतात. उरलेल्या दहा महिन्यांत गॅस सिलिंडरवाला, तोही फाटकापर्यंतच. अकरा वर्षं मधे एकच भिंत होती, आणि मी तडा तेवढा मोजला होता.

फाटकाची कडी वाजली. "मामा, हाय का घरात?" भागीरथीबाईंचा आवाज. बरोबर सूनही होती.

मामांनी हातातल्या फळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरून हात लांब केला. फळ अलीकडे आलं, येताना पानांनी माझ्या हातावर तीन ओरखडे काढले. मी शिडी उतरलो. पलीकडे मामा चहाचं आधण ठेवायला गेल्याचं भांड्यांवरून कळत होतं.

"हे काय आणलंत?" बायकोनं विचारलं.

"पिशवीत घाल आणि तोंड बांध. उद्या जाताना चिंचोळीला टाकतो."

"दारात घंटागाडी येते की."

"तिथं नको," मी म्हणालो. "तिथं सगळी गल्ली उभी असते."